वाचकांचे प्रश्न : हाताने विणलेला सुती झुला

उन्हाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी आणि चिकोडी या भागांतून यंदा आलेल्या पत्रांत एकच वस्तू पुन्हा पुन्हा आली आहे. ती म्हणजे दोन टोकांना बांधून मधल्या झोळात निजण्याचा सुती झुला, ज्याला दुकानदार ‘हॅमॉक’ म्हणतात. आपला फळीचा झोपाळा किंवा एकाच कडीला टांगून बसण्याचा मॅक्रमेचा झुला यांच्याशी त्याची गल्लत होऊ नये, कारण त्याला टांगण्याची रीत निराळी आहे आणि त्याची निगाही निराळी आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : माझे वडील यंदा निवृत्त झाले. दुपारी व्हरांड्यात पडून वाचण्याची त्यांना हौस आहे, म्हणून त्यांना हातविणीचा सुती झुला भेट द्यावा असे मनात आहे. एका प्रदर्शनात तीन प्रकार पाहिले : एक बारीक सुताच्या जाळीचा, दुसरा जाड दोरीचा आणि दोन्ही टोकांना लाकडी दांडी असलेला, तिसरा जाड कापडाचा. तिन्हींवर ‘शंभर टक्के कॉटन’ अशी चिठ्ठी होती. वडिलांची उंची पावणेसहा फूट आहे आणि कंबर अधूनमधून धरते. कोणता घ्यावा, आणि चिठ्ठीवर कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर : दांडीचा झुला आपण आधीच बाजूला ठेवावा, असे मी सांगेन. तो दिसायला देखणा आणि पलंगासारखा सपाट असतो, परंतु सपाट राहण्यासाठीच त्याला ताठ ओढून बांधावे लागते. माणूस जरा कडेला सरकला की तो उलटतो आणि सगळा भार दांडीच्या भोकांतून जाणाऱ्या मोजक्या दोऱ्यांवर येतो. ज्यांची कंबर धरते त्यांनी अशा झुल्यात चढ-उतार करणे मला धोक्याचे वाटते.

उरलेल्या दोन प्रकारांचे मूळ अमेरिका खंडांतील आहे. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तेथील लोक सुताच्या जाळीत निजत असल्याचे त्याने पाहिले, आणि ‘हॅमॉक’ हा शब्दही कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या ‘हमाका’ या शब्दावरून आला. मेक्सिकोतील युकातान भागात आजही दोन उभ्या खांबांच्या चौकटीवर धोट्याने बारीक सुताची जाळी विणतात आणि त्या जाळीत गाठ नसते. ईशान्य ब्राझीलमध्ये मागावर विणलेल्या जाड कापडाचा झुला करतात. त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या विणकामाच्या झालरीला तेथे ‘वरांडा’ म्हणतात. आपला व्हरांडाही पोर्तुगिजांकडूनच आपल्याकडे आला, त्यामुळे आपल्या वडिलांच्या व्हरांड्याला असा वरांडा शोभून दिसेल.

या दोहोंत माझा कौल बारीक सुताच्या, बिनगाठीच्या जाळीला आहे, कारण ती अंगाच्या वळणाप्रमाणे वळते, कमरेच्या खोलगट भागालाही आधार देते आणि खालून वारा खेळता ठेवते. मासेमारीच्या जाळ्यासारखी प्रत्येक घरात गाठ असलेली जाळी मात्र घेऊ नये, कारण अर्ध्या तासात त्या गाठी पाठीला रुतू लागतात. जाळीची एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. शर्टाची बटणे, अंगठ्या, बांगड्या, पैंजण आणि जोडवी तिच्यात अडकतात. घरातील स्त्रियाही झुला वापरणार असतील तर कापडी झुला अधिक निर्धास्त ठरेल. शिवाय डिसेंबर-जानेवारीत बेळगावची हवा बोचरी असते. त्या दिवसांत जाळीत वाकळ अंथरावी लागेल, कापडी झुल्यात त्याची तितकी गरज भासणार नाही.

आता रुंदी. या झुल्यात टोकाच्या रेषेत सरळ निजायचे नसते, तर तिरके निजायचे असते. डोके एका कडेला आणि पाय दुसऱ्या कडेला ठेवले की झोळ पसरतो आणि पाठ जवळजवळ सपाट होते. सरळ निजले तर शरीर केळ्यासारखे वाकते आणि मग ‘झुल्यात कंबर दुखते’ अशी तक्रार येते. तिरके निजण्यासाठी रुंदी हवी, म्हणून पावणेसहा फूट उंचीच्या माणसासाठी जाळी पूर्ण पसरल्यावर निदान पाच फूट रुंद भरली पाहिजे. दुकानात दोघांनी दोन्ही बाजू धरून ती उलगडून पाहावी आणि वजनही करावे, कारण त्याच आकाराच्या दोन जाळ्यांत जी जड असेल तिच्यात सूत अधिक असते. कंबर सतत दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रभर झुल्यात निजण्याची सवय लावू नये. दुपारच्या वाचनाला सहसा हरकत नसते.

चिठ्ठीबद्दल बोलायचे तर सूत स्वतः बोलते. विक्रेत्याच्या संमतीने कडेचा इंचभर सुटा धागा घ्यावा आणि चिमट्यात धरून दुकानाबाहेर पेटवावा. कापसाचे सूत कागदासारखे भराभर जळते, त्याला जळत्या कागदाचा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी भुरकट राख उरते. पॉलिएस्टर किंवा नायलॉन असेल तर धागा आधी आकसतो, मग वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर सूत मिश्र आहे. शहापूर, वडगाव किंवा खासबागात आपल्या ओळखीचे विणकर घर असेल तर धागा त्यांना दाखवावा. दोन बोटांत पीळ सोडवून तो किती पदरी आहे आणि त्याला खळ किती आहे, हे ती माणसे क्षणात सांगतात. खळ भरपूर असलेला झुला दुकानात भरीव वाटतो आणि पहिल्या धुण्यात पातळ होतो.

हे सगळे पाहून झाल्यावर एक गोष्ट अवश्य पाहावी, आणि खरे तर ती सर्वांत आधी पाहावी. झुला क्वचितच मध्यभागी फाटतो, तो बहुधा टोकाला तुटतो. मी घेतलेला पहिला झुला अतिशय सुंदर होता. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जाळी तळहातावर मलमलीसारखी पसरायची. टोकाचा फासा मी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस कडीत अडकवलेल्या त्या फाशाच्या आतल्या बाजूला हात लावला तेव्हा सूत पिंजलेल्या कापसासारखे मऊ लागले. वरून काहीच दिसत नव्हते, परंतु आतले निम्मे धागे झिजून तुटलेले होते आणि त्याच झुल्यात आदल्या दिवशी घरातील मुले खेळली होती. म्हणून जाळीतून निघालेल्या दोऱ्या टोकाला कशा एकत्र आल्या आहेत, त्या फाशावर सुताचे घट्ट वेटोळे गुंडाळलेले आहे का आणि प्रत्येक दोरीवर सारखा ताण येतो का, हे बोटांनी चाचपून पाहावे. जाळी सुती आणि टोकाच्या दोऱ्या नायलॉनच्या असतील तर ती फसवणूक समजू नये. युकातानच्या उत्तम झुल्यांतही तशा असतात, कारण घर्षण तेथेच सर्वाधिक होते. विक्रेत्याने ते सांगून विकले पाहिजे, एवढेच.

प्रश्न (निपाणी) : आमचे पुढचे घर आरसीसीचे आणि मागचा जुना सोपा लाकडी खांब-तुळयांचा आहे. झुला आणला, परंतु कोठे आणि कसा टांगावा यावर घरात एकमत होत नाही. गवंडी म्हणतात भिंतीत आकडा ठोकून देतो. धाकटा भाऊ म्हणतो पंख्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या हुकांनाच बांधू. माझे वजन ७० किलो आहे. झुला झोळ न देता ताठ बांधला तर जमिनीला टेकणार नाही आणि अधिक मजबूत राहील, हे खरे का?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक अपघातांचे मूळ त्या समजुतीत आहे. झुला जितका ताठ बांधाल तितका दोरीवर आणि आकड्यावर ताण वाढतो. झुल्याची दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर ७० किलो वजनाच्या माणसामुळे प्रत्येक टोकावर सुमारे ७० किलोचाच ताण येतो. तोच कोन १५ अंशांवर आणला तर ताण सुमारे १३५ किलो होतो आणि १० अंशांवर आणला तर २०० किलोपर्यंत जातो. हा हिशेब माणूस निश्चल निजलेला असतानाचा आहे. धपकन बसणे, झोके घेणे, दोघांनी बसणे यांमुळे तो कितीतरी वाढतो. म्हणजे माणूस तोच, झुला तोच आणि आकडाही तोच असतो. फक्त दोरी ताठ ओढल्यामुळे प्रत्येक टोकावर जवळजवळ तिप्पट ओढ बसते आणि ती बहुतांशी आडवी असते.

कोन मोजण्यासाठी घरातील मुलांची कंपासपेटी उघडावी. तिच्यातील ३०-६० अंशांच्या गुण्याचा टोकदार कोपरा आकड्यापाशी धरावा आणि त्याची लांब काटकोनी बाजू आडवी ठेवावी. कर्ण ज्या दिशेने खाली उतरतो त्या दिशेने दोरी उतरली पाहिजे. गुण्या नसेल तर आकड्यापासून आडवे सात इंच मोजावे, तेथे दोरी चार इंच खाली आलेली असावी. अंतराचा ढोबळ हिशेब असा की, झुल्याची टोकापासून टोकापर्यंतची ताणलेली लांबी बारा फूट असेल तर आकड्यांमधील अंतर दहा फूट असावे. आकडे जमिनीपासून साडेपाच ते सहा फुटांवर आले की माणूस बसल्यावर झोळाचा तळ खुर्चीच्या उंचीवर, म्हणजे साधारण दीड फुटावर राहतो. नवे सूत पहिल्या आठवड्यात वाढते, त्यामुळे एकदा उंची पुन्हा जुळवावी लागेल. अंतर जास्त असेल तर झुला ओढू नये, दोन्ही बाजूंना दोराची जोड द्यावी.

आता जागा. पंख्याचा हुक मुळीच वापरू नये. तो पंख्याच्या सरळ खाली येणाऱ्या भारासाठी सोडलेला असतो आणि झुल्याची ओढ तिरकी असते. स्लॅबमध्ये तो किती खोल आणि कोणत्या सळईला अडकवला आहे हे बाहेरून कळत नाही. गवंड्यांना माझा नमस्कार सांगून कळवावे की, विटांच्या भिंतीत ठोकलेला आकडाही या कामाचा नाही, कारण आडव्या ओढीने तो विटेसकट सुटू शकतो. आरसीसीच्या दोन कॉलममध्ये १२ मिलिमीटर जाडीचे, डोक्याला बंद कडी असलेले एक्स्पान्शन बोल्ट, म्हणजे भोकात फुगून पकड घेणारे बोल्ट, बसवावेत. गिलाव्याची जाडी सोडून काँक्रीटमध्ये तीन ते चार इंच खोली मिळावी आणि भोक कॉलमच्या कडेला न पाडता मध्यावर पाडावे. ड्रिल सळईला लागले तर हट्ट न धरता भोक थोडे वर किंवा खाली घ्यावे. पोर्चच्या पत्र्याला आधार देणारे बारीक लोखंडी पाइप झुल्यासाठी नाहीत. ते प्रथम वाकतात आणि मग पत्रा खाली येतो.

आपल्या जुन्या सोप्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण सीमाभागातील कितीतरी घरांत ती लागू पडते. सोप्याचा लाकडी खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर नुसता उभा असतो आणि वरच्या तुळईच्या भाराने जागेवर राहतो. वरून येणारा भार तो पिढ्यान्पिढ्या पेलतो, परंतु कमरेत दोर बांधून त्याला आडवे ओढणे हे त्याचे कामच नाही. अशा खांबाला झुला बांधला तर एखाद्या दिवशी तो तळखड्यावरून सरकू शकतो आणि मग केवळ झुल्याचा प्रश्न राहत नाही. सोप्यातच टांगायचे असेल तर खांब सोडून तुळयांना टांगावे. तुळई सागवानाची, ऐनाची किंवा किंदळाची असो, आधी तिच्यावर हातोडीने ठोकत जावे. भरीव आवाजाच्या जागी पोकळ आवाज आला तर आत वाळवी आहे असे समजून तो बेत सोडावा. लाकूड निकोप असेल तर त्यात आकडा पिळण्याऐवजी जाड दोराचे दोन वेढे तुळईभोवती द्यावेत आणि कडेने दोर कापला जाऊ नये म्हणून खाली गोणपाटाची घडी घालावी. खानापूरकडील चिऱ्याच्या भिंती असणाऱ्या वाचकांनीही ध्यानात ठेवावे की, जांभा दगड सच्छिद्र असतो आणि त्यात फुगणाऱ्या बोल्टची पकड भरवशाची नसते. तेथे भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी द्यावी लागते, आणि ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

टांगून झाल्यावर माणूस बसण्यापूर्वी त्यात तांदळाची ५० किलोची दोन पोती तासभर ठेवावीत. बोल्टभोवती भेग दिसली, कडी वळली किंवा तुळई करकरली तर तो इशारा समजावा.

प्रश्न (अथणी तालुका) : मळ्यात विहिरीजवळ दोन मोठे कडुनिंब आहेत. फेब्रुवारीपासून झुला तेथेच बांधून ठेवला आहे. दोन महिन्यांत त्याचा रंग उडाला आणि सूत खरखरीत झाले. माल खराब निघाला का?

उत्तर : माल खराब असेलच असे नाही. आपल्याकडचे ऊन हेच पुरेसे कारण आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी रंग तर उडतोच, पण कापसाचा तंतूही हळूहळू ठिसूळ होतो आणि मळ्यातील धूळ त्या तंतूंमध्ये बसून प्रत्येक झोक्याबरोबर घासत राहते. अंगणातील बाजेची नवार आपण दिवसभर उन्हात टाकत नाही, तोच न्याय येथे लावावा. दोर झाडांना राहू द्यावेत, झुला मात्र उठताना काढून, झटकून घरात न्यावा. त्याला दोन मिनिटे लागतात. कडुनिंब आणि आंबा झुल्यासाठी चांगले, शेवग्याची फांदी ठिसूळ म्हणून ती टाळावी आणि नारळाखाली कधीच निजू नये. खोडाभोवती बारीक दोरी न बांधता रुंद पट्टा घ्यावा, म्हणजे साल कापली जाणार नाही. विहिरीला कठडा नसेल तर झुला दुसऱ्या झाडांवर हलवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (जांबोटी परिसर, खानापूर तालुका) : गेल्या वर्षी पावसाळा सुरू होताच झुला स्वच्छ धुऊन, घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवला होता. परवा काढला तर कुबट वास आणि सगळीकडे काळे ठिपके. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवावा का? आणि आमच्याकडे चार महिने घरात कपडेसुद्धा वाळत नाहीत, तेथे हा झुला टिकवायचा कसा?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘पावसाळा सुरू होताच धुऊन’ या शब्दांत सगळे आले. कापूस हवेतील ओल स्वतःत घेतो. नेहमीच्या हवेत कोरड्या वाटणाऱ्या सुतातही त्याच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी असते आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळी हवेत ते प्रमाण त्याहून बरेच वाढते, तरी हाताला सूत ओले लागत नाही. अशा अवस्थेत ते प्लास्टिकमध्ये कोंडले की बुरशीला ओल, उबारा आणि खाद्य एकाच जागी मिळते. येथे खाद्य म्हणजे प्रत्यक्ष सूतच, त्यामुळे काळे ठिपके केवळ डाग नसतात. तेथे तंतू खाल्ला गेलेला असू शकतो.

ब्लीचिंग पावडर वापरू नये. तिने डाग फिके होतील, परंतु आधीच अशक्त झालेले सूत आणखी अशक्त होईल. प्रथम तोंडाला रुमाल बांधून झुला घराबाहेर न्यावा आणि कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडावी. त्यानंतर टोकाच्या दोऱ्या एकत्र बांधाव्यात आणि जाळी चार-पाच ठिकाणी नाडीने सैल बांधून घ्यावी. ही पायरी चुकवली तर पाण्यातून असा गुंता बाहेर येतो की तो सोडवता सोडवता अख्खा दिवस जातो. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग पाणी या मिश्रणात झुला अर्धा तास भिजवावा, मग रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या गार पाण्यात दाबत दाबत धुवावा. रंग जाण्याची शंका असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा चोळून पाहावा. पिळू नये, आपटू नये, वॉशिंग मशिनमध्ये टाकू नये. बादलीच्या काठावर निथळत ठेवावा आणि एरवी सावलीत वाळवत असला तरी या खेपेस दोन-तीन तास स्वच्छ उन्हात घालावा. बुरशीवर ऊन हे औषध आहे, आणि दोन-तीन तासांनी सुताचे म्हणण्यासारखे नुकसान होत नाही.

वाळल्यावर निर्णय घ्यावा. डागांच्या जागचे पाच-सहा धागे एकेक करून दोन्ही हातांच्या चिमटीत धरून झटका द्यावा. शेजारच्या निकोप धाग्याइतकाच जोर लागत असेल तर डाग राहिले तरी झुला वापरता येईल. धागा कुजक्या सुतळीसारखा सहज तुटत असेल, किंवा डाग टोकाच्या फाशावर असतील, तर त्याचा मोह सोडावा आणि जाळीचा चांगला भाग कांदे-लसूण टांगायला वापरावा.

पुढील वर्षासाठी वेळापत्रक पावसाच्या नक्षत्रांवरून ठरवावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अचानक वळीव कोसळतो. त्यात झुला एखाददुसऱ्या वेळी भिजला तर घाबरण्याचे कारण नाही, कारण कापसाचे सूत ओले असताना उलट अधिक बळकट असते. मात्र ओल्या झुल्यात कोणी निजू नये, कारण तेव्हा तो वेडावाकडा वाढतो, आणि त्याच दिवशी तो वाऱ्यावर पूर्ण वाळला पाहिजे. धुण्याचे काम मे महिन्याच्या मध्यावर, कडक ऊन असतानाच उरकावे. मृग निघण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत, झुला एक दिवस वाऱ्यावर ठेवून जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या सैल गाठोड्यात बांधावा. हे गाठोडे माळ्यावर किंवा भिंतीला लागून ठेवू नये. घराच्या आतील बाजूच्या कोरड्या खोलीत, उंचावर खुंटीला किंवा वाशाला अधांतरी टांगावे, म्हणजे चारी बाजूंनी हवा लागेल आणि उंदरांनाही सहज पोहोचता येणार नाही. चुलीच्या धगीवर टांगण्याची कल्पना काही घरांत निघते. तेथे सूत कोरडे राहते हे खरे, पण काजळीने पिवळे पडते आणि ठिणगीचे भय राहते, म्हणून मी तिची शिफारस करत नाही. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की एखादी उघडीप साधून गाठोडे सोडावे, झुला तासभर झटकून मोकळा करावा आणि पुन्हा बांधावा. डांबरगोळ्यांची आवश्यकता नाही, कारण लोकरीवर पडणारी कीड सुती कापडाच्या वाट्याला सहसा जात नाही. कसर मात्र खळीच्या वासावर येते, म्हणून झुल्याला खळ देऊन ठेवू नये.

प्रश्न (चिकोडी) : माझा नातू आठ महिन्यांचा आहे. आमच्या सर्व मुलांना आम्ही लुगड्याच्या झोळीत वाढवले. सुनेने आणलेल्या या जाळीच्या झुल्यात बाळाला निजवावे असे मला वाटते, परंतु सून नको म्हणते. आपले मत द्यावे.

उत्तर : आजी, आपण झोळीत मुले वाढवलीत ती झोळी नजरेसमोर ठेवून, दोर हातात धरून वाढवलीत. तरीही या बाबतीत सूनबाईंचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. जाळीच्या घरांतून बाळाचा हात, पाय आणि डोकेसुद्धा जाऊ शकते. कूस बदलताना जाळी अंगाभोवती गुंडाळली जाते आणि आठ महिन्यांच्या मुलाला त्यातून स्वतःला सोडवता येत नाही. वाकलेल्या तळात हनुवटी छातीला टेकली तर श्वासही अडतो. ही भीती कल्पनेतील नाही. अमेरिकेत १९९६ साली दांडी नसलेले लहान जाळीचे झुले मुलांचे गळे आवळले गेल्यामुळे लाखोंच्या संख्येने बाजारातून परत घेण्यात आले होते. बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. झुल्यात आपण स्वतः बसून, जागे असताना, नातवाला मांडीवर घेऊन झोका द्यायला हरकत नाही. थोरली मुले खेळत असतील तर झुला पिळून त्यात स्वतःला गुंडाळून घेण्याचा खेळ त्यांना खेळू देऊ नये, आणि वापर संपला की एक टोक काढून ठेवावे.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : मांजराच्या नखाने जाळीतील दोन-तीन धागे तुटले आणि आठवड्यात तेथे वीतभर भोक पडले. घरी पूर्वी माग होता, सूत हाताळण्याची सवय आहे. दुरुस्ती घरी करता येईल का?

उत्तर : आपल्यासारख्यांना निश्चित करता येईल, आणि ती आजच करावी. धागा तुटल्यावर शेजारची घरे सैल होतात आणि प्रत्येक वेळी निजताना भोक वाढत जाते. प्रथम झुला कमी ताणावर टांगून जाळी पसरावी आणि भोकाच्या कडेची सुटलेली सर्व घरे एका वेगळ्या रंगाच्या दोऱ्यात ओवून घ्यावीत, म्हणजे ती आणखी निसटणार नाहीत. त्याच जाडीचे, तितकेच पदरी सुती सूत घ्यावे. नायलॉनचा दोरा वापरू नये, कारण तो शेजारच्या सुताला करवतीसारखा कापतो. तुटलेल्या धाग्याला नवा धागा जोडताना ताण्याचा धागा तुटल्यावर मागावर जी चपटी विणकरी गाठ मारतात तीच मारावी. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या बोटांत ती अजून असेल. गाठीची टोके अर्धा इंच सोडावीत, अगदी जवळून कापू नयेत. मग उरलेल्या जाळीतील वळण पाहत पाहत नवा धागा घराघरातून फिरवावा आणि मधूनमधून तळहाताने दाबून ताण सारखा आहे ना हे पाहावे. ताण जास्त झाला तर तेथेच पुन्हा तुटेल, कमी झाला तर तेथे खळगा पडेल.

हे सर्व जाळीपुरते झाले. मांजर फाशापर्यंत पोहोचले असेल आणि टोकाच्या दोऱ्यांपैकी एखादी जरी तुटली असेल, तर गाठ मारून काम भागवू नये. त्या टोकाचा संपूर्ण जुडगा उसवून नव्या दोऱ्या भराव्यात, प्रत्येकीची लांबी मोजून सारखी ठेवावी, फासा मेणाच्या सुताने घट्ट गुंडाळावा आणि दुसऱ्या टोकाच्या फाशातही बोट घालून आतले सूत पिंजलेले नाही ना, हे त्याच बैठकीत पाहून घ्यावे.